‘तो’ म्हणजे नेमका कोण?

उमरीसारख्या गावात इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या माणसाला रोज नवे उतारे कुठून मिळणार? म्हणून मागच्या वर्षी दहावीच्या मुलांसाठी एक उतारा मीच लिहिला. विषय घेतला दोन सूर्य असलेल्या ग्रहांचा, म्हणजे पोरं जरा डोळे उघडे ठेवून वाचतील. त्यात एक वाक्य होतं: ‘इफ द अदर स्टार कम्स टू क्लोज टू द प्लॅनेट, इट इज थ्रोन आउट.’ आणि खाली नेहमीचा प्रश्न, की यातलं ‘इट’ कोणत्या नामाबद्दल आलं आहे?

निम्म्या मुलांनी लिहिलं ‘ग्रह’, निम्म्यांनी ‘दुसरा तारा’. मी लाल पेन घेऊन ताऱ्यावाल्यांच्या वहीत फुल्या मारत सुटलो आणि पाचव्या-सहाव्या वहीपाशी हात थांबला. पोरांचं चुकलं होतं काय? पहिल्या अर्ध्या वाक्याचा कर्ता ताराच आहे. पुढच्या अर्ध्यात ‘इट’ कर्ता होऊन आलं आहे. कर्त्याच्या जागी कर्ता धरला, एवढंच त्यांनी केलं होतं. ज्यांनी ‘ग्रह’ लिहिलं त्यांनी सर्वांत जवळचं नाम धरलं. दोन्ही युक्त्या आम्ही शिकवणारेच शिकवतो. वाक्य माझं, घोळ माझा, आणि फुल्या त्यांच्या वहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुलांनाच विचारलं, की असं का लिहिलंत. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तारा कसा फेकला जाईल? त्यो किती जड असतंय. सुपात पाखडलं की दाणे राहतेत, भुसकट उडतंय.” उत्तर बरोबर होतं आणि त्यात इंग्रजी व्याकरणाचा एक शब्दही नव्हता.

तेव्हापासून हे दोन विषय माझ्या डोक्यात एकमेकांभोवती फिरत आहेत. सर्वनाम कोणत्या नामाला धरून असतं हा एक, आणि दोन ताऱ्यांच्या घरात ग्रह कोणाला धरून असतो हा दुसरा.

आधी सर्वनामाचं पाहू. इंग्रजीतल्या बिचाऱ्या ‘इट’कडे सांगण्यासारखं फार थोडं असतं: मी एकवचनी आहे आणि माणूस नाही, एवढंच. बाकी सगळं वाचणाऱ्याने ओळखायचं. १९७२ साली टेरी विनोग्राड या संगणकशास्त्रज्ञाने यावर एक नमुना दिला होता, तो आपल्याकडच्या नगरपालिकेला सहज लागू पडतो. नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना दंगलीची भीती वाटत होती. इथे भीती कोणाला? नगरसेवकांना. आता शेवट बदलू: कारण ते दंगलीची भाषा करत होते. आता ‘ते’ कोण? मोर्चेकरी. वाक्याची बांधणी तीच, सर्वनाम तेच, तरी त्याने मालक बदलला. भीती कोणाला वाटते आणि धमकी कोण देतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून वाचताना आपण अडत नाही. संगणकाला हे ठाऊक नव्हतं. पुढे अशाच वाक्यजोड्या यंत्राच्या अकलेची परीक्षा म्हणून वापरल्या गेल्या आणि बरीच वर्षं यंत्रं त्यात गटांगळ्या खात राहिली.

मराठीकडे मात्र या कामासाठी हत्यारं जास्त आहेत. तो, ती, ते हे तीन दरवाजे तर पहिल्यापासूनच उघडे. विळा आणि कोयती बाजूबाजूला ठेवून ‘तिला धार लाव’ म्हटलं की काम झालं. क्रियापदही चहाडी करतं. ‘आला’, ‘आली’, ‘आलं’ एवढ्यावर कोण ते कळतं, म्हणून निम्म्या वेळा आपण सर्वनाम गाळूनच बोलतो. शाळेच्या व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामं नऊ सांगतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यातलं ‘आपण’ हे मला सगळ्यांत हुशार वाटतं. ‘सदाने नामदेवला त्याच्या सायकलवर बसवलं’ आणि ‘सदाने नामदेवला आपल्या सायकलवर बसवलं’ ही वाक्यं उमरीच्या कोणत्याही पोराला वेगळी ऐकू येतात. दुसऱ्यात सायकल सदाची, वादच नाही. पहिल्यात ती नामदेवची किंवा तिसऱ्याच कुणाची. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’ येतं आणि सायकलच्या मालकीवरून भांडण लागू शकतं. लॅटिनमध्ये असा भेद होता. इंग्रजीने तो ठेवला नाही.

शिवाय ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की समोरच्याने समजून घ्यायचं की त्याला बोलावणं नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याने चप्पल शोधायची. इंग्रजीच्या ‘वी’ला हे साधत नाही. तेलुगूला साधतं, तिथे ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असे दोन शब्द आहेत. मुदखेडहून निजामाबादकडे जाणारी गाडी उमरी, धर्माबाद करत बासरला पोचते तोवर डब्यातली भाषा बदललेली असते, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांच्या कानावर दोन्ही पडतात. त्याच तेलुगूत ‘अदि’ हा एकच शब्द वस्तूलाही चालतो आणि बाईलाही, पण पुरुषाला नाही. बाईला मान द्यायचा तर ‘आमे’ म्हणतात, हे लगेच सांगून ठेवतो. बाजारात दखनी बोलणाऱ्यांचा ‘वो’ तर तिघांनाही एकच. इतक्या सर्वनामांतून वाट काढत शाळेत येणाऱ्या पोराला आपण सांगतो की ‘ही, शी, इट’ नीट पाठ कर, अवघड आहे.

आणि एक सर्वनाम असं, ज्याला नामाची गरजच लागत नाही. माझी आजी आजोबांचं नाव घेत नसे. ‘हे आले’, ‘ह्यांना विचारा’, ‘ह्यांचा चहा राहिला’. घरात पाच पुरुष असले तरी ‘हे’ म्हणजे कोण याची शंका कुणालाही आली नाही. आजोबांचं नाव तिच्या तोंडून निघायचं ते फक्त उखाण्यात. उखाण्याकडे मी आता व्याकरणाच्या नजरेने पाहतो: वर्षभर सर्वनामावर भागवणाऱ्या बाईला चारचौघींत एकदा नाम उच्चारायला लावण्याचा तो प्रकार आहे.

एवढी हत्यारं असूनही माझं ते वाक्य मराठीत आणलं की मराठीही हात टेकते. ग्रह हा ‘तो’ आणि तारा हाही ‘तो’. ‘तो त्याच्या फार जवळ आला की तो बाहेर फेकला जातो.’ कोण कोणाच्या जवळ आलं आणि गेलं कोण? चांदणी म्हटलं असतं तर लिंगाने वाचवलं असतं, पण शास्त्राच्या उताऱ्यात चांदणी शोभत नाही. इथे सुपातलं भुसकटच कामाला येतं.

आता वर पाहू. आपल्या सूर्याने आपल्याला एक वाईट सवय लावली आहे, ती म्हणजे तारा एकटाच असतो असं समजण्याची. प्रत्यक्षात सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना निदान एक तरी जोडीदार आहे. दोन तारे परस्परांच्या ओढीने, दोघांच्या मधल्या एका बिंदूभोवती फिरत राहतात. अशा जोडताऱ्यांच्या संसारात ग्रहाने राहायचं कुठे? दोनच जागा टिकाऊ आहेत. एक तर दोघांपैकी एकाच्या अगदी कुशीत, म्हणजे दुसरा तारा लांबचा पाहुणा होऊन राहतो. नाहीतर दोघांपासून चांगलं दूर. इतकं दूर, की ग्रहाला ते दोन तारे एकाच वजनासारखे जाणवावेत.

किती जवळ आणि किती दूर, याचा हिशेब मॅथ्यू होल्मन आणि पॉल विगर्ट या दोघांनी १९९९ साली संगणकावर हजारो कक्षा चालवून मांडला. तो आमच्या नकाशावर बसवून पाहिला तर चांगला कळतो. एक तारा नांदेडला ठेवा आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा उमरीला. सरळ रेषेत अंतर चाळीसच्या आतबाहेर किलोमीटर. दोघं एकमेकांभोवती वर्तुळात फिरत आहेत असं धरू. मग नांदेडच्या ताऱ्याचा ग्रह नांदेडपासून दहाएक किलोमीटरांत राहिला तर सुखात राहील. उमरीच्या ग्रहालाही तेवढंच अंगण. दोघांना मिळून प्रदक्षिणा घालायची असेल तर मधल्या बिंदूपासून, म्हणजे जवळपास मुदखेडपासून, नव्वद किलोमीटरांच्या पलीकडे जायला हवं. लातूरला बसलेला ग्रह निर्धास्त. हिंगोलीचा किंवा परभणीचा मात्र आज ना उद्या हुसकला जाणार. खुद्द मुदखेडला ठेवलेल्या ग्रहाचं तर बोलायलाच नको. कधी नांदेडचा ओढणार, कधी उमरीचा, आणि या ओढाताणीत एक दिवस तो दोघांच्याही हातून निसटून अंधारात भिरकावला जाणार, नाहीतर एखाद्या ताऱ्यावर जाऊन आदळणार.

ताऱ्यांची कक्षा वर्तुळाऐवजी लांबट अंड्यासारखी असेल तर हे अंगण आणखी आक्रसतं, कारण दर फेरीला दुसरा तारा एकदा फार जवळून जातो. माझ्या उताऱ्यातलं ‘टू क्लोज’ ते हेच. आणि तीन वस्तूंच्या अशा झटापटीत बहुधा सर्वांत हलकीच बाहेर पडते. तारा ग्रहाच्या शेकडो-हजारो पट जड. मागच्या बाकावरचं सूप बरोबर सांगत होतं.

वाक्यातही मला मुदखेड दिसू लागलं आहे. सर्वनाम एका नामाला बिलगून असेल तर निभावतं. दोन्ही नामांना मिळून ‘ते दोघे’ म्हणत लांबून आलं तरी निभावतं. दोन सारख्या वजनाच्या नामांच्या मधोमध पडलं की वाचणारा हेलपाटे खातो. उपमा फार ताणत नाही. वाक्याला गुरुत्वाकर्षण नसतं. पण मुलांच्या निबंधात चूक दाखवताना मी हल्ली समासात नुसतं ‘मुदखेड’ लिहितो आणि त्यांना कळतं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी एक जुना संबंध आहे, आणि तो पुण्यातूनही पुसला गेल्यासारखा आहे याचं मला नवल वाटतं. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्सचा अधिकारी. जन्म १८१३ चा. मोजणीच्या खात्यात काम करता करता त्याला ताऱ्यांची ओढ लागली आणि १८४२ साली त्याने पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. हाताशी डोलंडने बनवलेली पाच फुटी दुर्बीण. त्यातून तो पाहायचा ते मुख्यतः जोडतारे. १८४५ ते १८४८ या काळात पुण्यात बसून त्याने २४४ जोडताऱ्यांची सूची केली, त्यांतल्या काहींच्या कक्षा मांडल्या, आणि वृश्चिकेतला एक तारा जोडी नसून तिकडी आहे हे १८४७ मध्ये दाखवलं. पेशवाई जाऊन जेमतेम तीस वर्षं झाली होती, आणि पुण्याच्या आकाशाखाली एक माणूस रात्र रात्र दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजत होता.

पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा संचालक झाला. तिथून १८५५ साली त्याने भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या ताऱ्याबद्दल एक टिपण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवलं. हा तारा साध्या डोळ्यांना अंधुक दिसतो. आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांवर आहे. तो जोडी आहे हे विल्यम हर्शेलने १७७९ मध्येच पाहिलं होतं. जोडीची एक फेरी सुमारे ८८ वर्षांची. जेकबने जुन्या-नव्या नोंदी जुळवल्या तेव्हा तारे गणिताच्या वाटेवरून थोडे सरकलेले दिसले, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. कोणीतरी त्यांना ओढत होतं. जेकबने सुचवलं की या जोडीत न दिसणारा एक ग्रह असावा. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याला ग्रह आहे असा निरीक्षणांवर उभा केलेला हा अगदी पहिल्या दाव्यांपैकी एक, आणि तो एका जोडताऱ्याबद्दल, तेही भारतातून.

यात वेडेपणा काहीच नव्हता. नऊच वर्षांपूर्वी, १८४६ मध्ये, युरेनस वाट चुकतो म्हणून गणिताने एक अदृश्य ग्रह सांगितला गेला होता आणि दुर्बीण रोखताच नेपच्यून तिथे सापडला होता. १८४४ मध्ये बेसेल या ज्योतिर्विदाने व्याधाच्या डुगडुगण्यावरून त्याला अदृश्य जोडीदार असल्याचं सांगितलं होतं. हे सगळे ‘कोणीतरी’ म्हणजे नाम न मिळालेली सर्वनामं. ‘तो ओढतो आहे’ एवढं कळलं आहे, पण ‘तो’ कोण हे अजून पाहायचं आहे. नेपच्यूनला नाम मिळालं. व्याधाच्या जोडीदारालाही मिळालं: ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत आल्व्हन क्लार्कला नव्या भिंगाची परीक्षा घेताना तो दिसला.

जेकबच्या ‘तो’ला मात्र कधीच मिळालं नाही. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस जेफरसन जॅक्सन सी या ज्योतिर्विदाने त्याच जोडीत अदृश्य सोबती असल्याचं पुन्हा मोठ्या ठसक्यात जाहीर केलं. १८९९ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन या तरुण गणितीने हिशेब करून दाखवलं, की असा सोबती तिथे टिकूच शकणार नाही, कक्षा मोडून पडेल. माझ्या भाषेत, तो मुदखेडला बसवला होता. सी इतका भडकला आणि असं काही लिहून बसला, की ज्या नियतकालिकात हा वाद चालला होता त्याने यापुढे त्याचं काही छापायचं नाही असं ठरवलं. आजवर त्या जोडीत ग्रह सापडलेला नाही. तारे सरकलेले दिसले होते ते बहुधा मोजमापातल्या लहान लहान चुकांमुळे. हर्शेलपासून जेकबपर्यंत पुरती एक फेरीसुद्धा पाहून झाली नव्हती.

जेकबची गोष्ट अजून थोडी उरली आहे. प्रकृती बिघडल्याने तो विलायतेला गेला, पण पुण्याजवळ समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर डोंगरी वेधशाळा उभारायचं त्याच्या मनाने घेतलं. पार्लमेंटने १८६२ साली त्यासाठी हजार पौंड मंजूर केले. पदरच्या पैशाने घेतलेली नऊ इंची दुर्बीण घेऊन तो ८ ऑगस्टला मुंबईत उतरला, आणि पुण्याला पोचतो न पोचतो तोच १६ ऑगस्ट १८६२ रोजी वारला. वय ४८. ऐन श्रावणात पुण्याच्या आकाशात दिसणार काय होतं? त्याला ढग सरायची वाट पाहावी लागणारच होती.

खरे ग्रह सापडायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली, आणि तेव्हाही पहिला घोळ ‘कोणाचा’ याचाच झाला. गॅमा सेफी या जोडताऱ्यातल्या मोठ्या ताऱ्याला ग्रह असावा अशी शंका १९८८ मध्ये आली. मग वाटलं की ही डुगडुग ताऱ्याच्याच अंगातली आहे, म्हणून १९९२ मध्ये दावा मागे. २००३ मध्ये जास्त नोंदी हाती आल्यावर ग्रह पक्का झाला. दोन ताऱ्यांमधलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या वीसेक पट, ग्रह आपल्या ताऱ्यापासून दोन पटींवर. म्हणजे अंगणाच्या चांगलाच आत.

दोघांना मिळून प्रदक्षिणा घालणारा, बिनतक्रार मान्य झालेला ग्रह २०११ मध्ये आला: केप्लर-१६. त्याची ओळख पटली तो प्रकार मला कुठल्याही व्याकरणापेक्षा देखणा वाटतो. केप्लर दुर्बीण ताऱ्याचा प्रकाश मोजत होती. ते दोन तारे ४१ दिवसांत परस्परांभोवती फिरताना एकमेकांना ग्रहण लावत, म्हणून प्रकाश ठरलेल्या वेळी दोनदा खाली जायचा, एकदा जास्त, एकदा कमी. पण मध्येच तिसरी आणि चौथी छोटी घट दिसायची, आणि त्यांची वेळ नेमकी नसायची. नेमकी असणार कशी? ग्रह २२९ दिवसांनी परत येतो तोवर दोन्ही तारे आपापली जागा बदलून बसलेले असतात. अधिक्रमण कधी मोठ्या ताऱ्यावरून, कधी धाकट्यावरून. शिवाय ग्रहाच्या ओढीने ग्रहणांच्या वेळाही किंचित मागेपुढे होत होत्या. या अनियमितपणातूनच कळलं की हा एकट्याचा नाही, दोघांचा आहे. आकाराने तो शनीएवढा. ताऱ्यांमधल्या अंतराच्या तीन पटींहून थोडा पलीकडे, म्हणजे सीमारेषेच्या जरा बाहेर राहतो. असे बरेच दोघांचे ग्रह या रेषेच्या जवळच सापडले आहेत, जणू आधी लांब जन्मले आणि सरकत सरकत दारापर्यंत येऊन थांबले.

अशाच ग्रहाचा माग २०१९ च्या उन्हाळ्यात नासात उमेदवारी करायला आलेल्या १७ वर्षांच्या वुल्फ क्युकियर या शाळकरी मुलाला लागला. आधी त्यालाही ते नुसतं ग्रहण वाटलं होतं, पण वेळ जुळेना, तेव्हा कळलं की हे ग्रहण नव्हे. टीओआय-१३३८ हा त्या जोडताऱ्याचा क्रमांक. दहावीच्या मुलांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. वय ऐकून पहिल्या बाकावरचे जरा अस्वस्थ होतात.

ज्योतिर्विदांनी मग ‘तो कोणाचा’ हा प्रश्न सर्वनामावर सोडलाच नाही. जोडीतल्या ताऱ्यांना इंग्रजीची मोठी अक्षरं, ग्रहांना छोटी. मोठ्या एच्या मागे छोटा बी आला तर तो पहिल्या ताऱ्याचा ग्रह. मोठे ए आणि बी दोन्ही असतील तर दोघांचा. वाचताक्षणी मालक कळतो, ‘आपल्या’ म्हटल्यासारखा. ही सोय देवनागरीत येताच कोसळते, कारण आपल्याकडे मोठं-छोटं अक्षर नाही. हंसातल्या १६ सिग्नी या जोडीतल्या दुसऱ्या ताऱ्याला १९९६ मध्ये ग्रह सापडला. त्याचं नाव मराठीत लिहा: १६ सिग्नी बी बी. पहिला बी तारा, दुसरा बी ग्रह, आणि वाचणाऱ्याला वाटणार की छत्रपती संभाजीनगरच्या मकबऱ्याबद्दल काही चाललं आहे. म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने सरळ ‘१६ सिग्नीच्या दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह’ असं नामासकट लिहावं हे बरं. थोडं लांबतं, पण चुकत नाही.

लग्नात आपण नवरीला अरुंधती दाखवतो. सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची ती बारीकशी चांदणी, ही आपली आदर्श जोडी. दुर्बिणीने पाहिलं तर वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला, आणि पुढे प्रकाशाच्या पृथक्करणातून कळलं की त्या दोघांतला प्रत्येक पुन्हा जोडी आहे. म्हणजे वसिष्ठ चार. अरुंधतीलाही एक मंद सोबती असल्याचं २००९ मध्ये दिसलं. भटजींनी ‘ते दोघे’ म्हणून बोट दाखवलेलं असतं तिथे एकूण सहा जण आहेत.

मे संपता संपता, पाऊस यायच्या आधी, मी शिकवणीच्या चार-पाच मुलांना घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेलो होतो. रात्रीचे दहा-साडेदहा झाले असतील. दक्षिणेला क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश वर नरतुरंगातला मित्र तारा होता, अल्फा सेंटॉरी. उमरीहून तो याहून वर कधी येत नाही. तो एक नसून दोन आहेत हे पहिल्यांदा दिसलं तेही भारतातूनच: डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरीत जाँ रिशॉ हा जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत होता, त्याच्या दुर्बिणीत ते वेगळे झाले. सूर्यासारखा एक, त्याहून थोडा लहान दुसरा. एकमेकांभोवतीची फेरी ८० वर्षांची. आपल्यापासून अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त. धाकट्याला ग्रह आहे असं २०१२ मध्ये गाजलं आणि तीन वर्षांत तो आकड्यांतला भास ठरला. थोरल्याच्या शेजारी २०२४ च्या ऑगस्टमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने एक ठिपका टिपला. पुढच्या दोन प्रयत्नांत तो दिसला नाही, कदाचित ताऱ्याच्या झगमगाटाआड गेला असेल.

यातलं काही मी अजून बोललो नव्हतो. नुसतं बोटाने दाखवलं होतं. सुपाची गोष्ट सांगणारी ती मुलगी म्हणाली, “सर, त्याला ग्रह हाय का?”

“कोणाला?”

“त्याला. त्यो एकच तर दिसलालाय.”

“दोन आहेत तिथं.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मग त्यातल्या कोणाला?”

“थोरल्याला, बहुतेक,” मी म्हणालो. “अजून पक्कं नाही.”